दोऱ्याला बांधलेला सोक

सोलगे गावाला पानिमच्या रागाची सवय होती, जशी भरती-ओहोटीची असते. कधी येणार ठाऊक, कुठवर चढणार ठाऊक. आला की चपला उचलायच्या आणि मागं सरायचं. नवरा दुमान होता तेव्हा म्हणायचा, "आमच्या घरी तिखट विकत आणावं लागत नाही." दुमान जाऊन नऊ वर्षं झाली. तिखट काही कमी झालं नाही.

पण त्या साली मे महिन्यात जो राग आला, तो चढला तो उतरेचना.

झालं असं. सकाळची वेळ. पानिम अंगणातल्या लाकडी माचावर बसून लव्हाळ्यातल्या चिंबोऱ्या धूत होती. या चिंबोऱ्या म्हणजे पोराच्या मुठीएवढ्याही नाहीत. पण सोयाच्या काळ्या पाण्यात मुरवल्या की भाताची हंडी खाली होते. तेवढ्यात फाटकातून थेसोक आला. हा गावच्या मच्छीमार मंडळाचा प्रमुख. चाळिशीचा, इस्त्रीचा सदरा, आणि बोलणं असं की लोण्यानं हात पुसावेत.

"काकी, जेवलात का?"

"जेवले. काखेतला कागद काढ. त्याच्यासाठीच आलायस ना?"

थेसोक हसला. माचाच्या कडेला बसला. कागद काढला. वरच्या खाजणाचं काम होतं. बांधापासून खाडीपर्यंतचं सगळं लव्हाळं कापायचं, धूर मारून चिलटं-मुरकुटं संपवायची, मग मशीननं चिखल उलथून त्यात पावडर घालायची, म्हणजे आतले सोक, ते बिळात राहणारे कोळंबीसारखे जीव, मरतील. वर वाळू टाकायची, वाळूत तिसऱ्या शिंपल्या सोडायच्या. शहरातली पोरं बसनं येतील, छोटं खोरं घेऊन तिसऱ्या काढतील, फोटो काढतील, पाय धुऊन जातील.

"तीस घरांचे शिक्के झाले," थेसोक म्हणाला. सोलगेत सहीऐवजी घरटी एक नावाचा कोरलेला शिक्का असतो. "एकतिसावा तुमचा. खाजण सगळ्यांचं, म्हणून एक जरी शिक्का राहिला तरी काम अडतं. तुम्हाला ठाऊकच आहे."

"म्हणजे मी अडवलं तर अडतं."

"तुम्ही कशाला अडवाल? कीड आहे काकी ती. सोक खालून पोखरतो आणि तिसऱ्या बुडतात. खेकडे बांधाला भोकं पाडतात. आणि चिलटं? मागच्या उन्हाळ्यात शहरातली एक बाई आली होती, तिचा डोळा असा सुजला..."

"कीड?" पानिमनं हातातली चिंबोरी टोपात टाकली. "तुझा बाप गेला तेव्हा अंगणात दोनशे माणूस जेवलं. कालवण कशाचं होतं? सोकाचं. केलं कुणी? मी. तू तीन वाट्या प्यायलास, नाक पुसत पुसत. तेव्हा कीड लागली नाही ती जिभेला?"

"तो काळ वेगळा होता, काकी."

"चिलटाची अळी चिखलात. ती खातं करंदीचं पिल्लू. ते खातो मासा. मासा खातोस तू. आता यातलं मधलं काढायचं म्हणतोस. मला वाटतं शेवटच्यापासून सुरुवात करावी."

थेसोकनं कागदाची घडी केली. तोंडावरचं हसू तसंच होतं, खुंटीला टांगलेल्या टोपीसारखं. "विचार करा," म्हणाला. "रागात माणसाला दिसत नाही."

हे शेवटचं वाक्य पानिमच्या डोक्यात बसलं. तिला वाटलं हा आपल्याला शिकवतोय. तो शिकवत नव्हता. तो बीळ बघून ठेवत होता.

*

बीळ बघणं काय असतं, ते आधी सांगायला हवं.

सोक हा कोळंबीचाच चिखलातला भाऊबंद. अंग मऊ, नांग्या दोन, आणि स्वभाव पानिमसारखा. हात-हात खोल बीळ करून एकटा राहतो. खणून काढायला गेलात तर कंबर मोडेल आणि तो खालीच जाईल. म्हणून बायका वरचा दोन बोटं चिखल फावड्यानं खरवडतात, बिळांची तोंडं उघडी करतात, सोयाचं आंबवलेलं वाटण पाण्यात कालवून वरनं शिंपडतात. आत वास गेला की बिळातला चुळबुळतो. मग एक धरलेला सोक घ्यायचा. त्याच्या कमरेला दोरा बांधायचा. त्याला दुसऱ्याच्या बिळात सोडायचा.

बस. पुढचं काम रागच करतो. आपल्या घरात परका शिरला म्हटल्यावर घरमालक खवळतो. नांग्या वर करून त्याला ढकलत ढकलत वर आणतो. आपण बिळाच्या काठाला दोन बोटं लावून, श्वास धरून ओणवं राहायचं. बांधलेला बाहेर येतो, मागोमाग मालकाच्या नांग्या दिसतात. दिसल्या की चिमटीत धरायचं. पळून जाता आलं असतं बिचाऱ्याला. पण भांडण अर्धवट सोडून जाणार कोण?

पानिम एका ओहोटीत बादली भरायची. तिची जागा वरच्या खाजणात, लाल मोरस, ती खाऱ्या चिखलातली बुटकी झुडपं, जिथं संपते आणि लव्हाळं सुरू होतं तिथं. सासऱ्याची जागा, मग नवऱ्याची, आता तिची. कागदावर काही नाही, पण सोलगेत कुणाची जागा कुठली ते पोरासोरांना ठाऊक. त्याच जागेवर दोन मुलं शिकली, एकाचं लग्न झालं, दुमानचं औषधपाणी झालं. पावडर पडली की ते सगळं वाळूखाली जाणार होतं.

हां, आणि एक. कधी कधी एखाद्या बिळात म्हातारा सोक असतो. तो वर येत नाही. बांधलेल्याला नांगीत धरतो आणि खाली ओढून नेतो, दोरा तुटेपर्यंत. पानिमचे असे दहा-बारा दोरे गेले होते. प्रत्येक वेळी तिनं त्या बिळाला यथेच्छ शिव्या घातल्या होत्या.

आता खाजणाचा कायदा. आजोबांच्या काळात दोन सख्खे भाऊ एका बिळावरून भांडले. भांडता भांडता भरतीची वेळ विसरले. दुसऱ्या दिवशी सापडले ते एकमेकांच्या गळपट्टीत हात घातलेलेच. तेव्हापासून गावानं ठरवलं: चिखलात कुणी कुणावर हत्यार उगारायचं नाही. उगारलं आणि मंडळाच्या तीन माणसांनी बघितलं, तर वर्षभर खाजणात पाय नाही आणि मंडळात शिक्का नाही, ते घर मोजायचंच नाही. लागलं का, रक्त आलं का, कुणी विचारत नाही. उगारलं की झालं.

सोलगेत हे दूध पिणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. पण ठाऊक असणं निराळं आणि रागात आठवणं निराळं.

*

आठ दिवसांनी थेसोकनं "नमुना म्हणून" धुराची गाडी आणली. कागद अजून अडलेला होता, पण बांध काही खाजणात येत नाही, बांधावरून धूर मारायला शिक्का लागत नाही, असं म्हणाला. वारा समुद्राकडं होता. पांढरा लोट लव्हाळ्यावर बसला तो अर्धा तास उठला नाही.

दुपारच्या ओहोटीला पानिम गेली आणि बांधावरच थांबली. आवाज नव्हता. मे महिन्यात लव्हाळ्यात कान दिला की चर्रचर्र चालू असते: टोळ, रातकिडे, चिंबोऱ्यांची पानावरची खसखस. काहीच नाही. साचलेल्या पाण्यावर चिलटं तीळ सांडल्यासारखी पडली होती. मोरशीवरचे हिरवे तुडतुडे खाली गळले होते. वाहून आलेल्या गवताखाली त्या बारक्या उड्या मारणाऱ्या पिसवा असतात, गवत उचललं की ताटात लाह्या फुटाव्यात तशा उडतात. तिनं गवत उचललं, एक उडाली नाही. आणि लव्हाळ्याच्या बुडाशी चिंबोऱ्या उलट्या. पाय हलत होते. माद्यांच्या पोटाखाली अंडी चिकटलेली. या दिवसांत पोटुशी चिंबोरी धरायची नाही, हे सासूनं पानिमला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं. हातावर चापटी मारून सांगितलं होतं.

पानिम बसली आणि गोळा करायला लागली. एक बादली झाली. ती घेऊन ती थेट गावच्या सभाघरात गेली. पुरुष पत्ते खेळत होते. तिनं बादली दारातल्या चपलांवर उपडी केली.

"हा घे तुझा नमुना."

म्हातारे प्योनबाबा, गावातले सगळ्यात जुने, खाली वाकून बघत म्हणाले, "अरे अरे, अंड्यांवरच्या."

थेसोक उठला. आपल्या बुटातली एक चिंबोरी दोन बोटांनी काढली. "काकी, ही किडेमुंगी. यांच्यासाठी माणसांवर भडकता?"

"माणसांवर नाही, तुझ्यावर."

"मारणार का मग?" त्यानं अगदी हळू विचारलं. जवळ सरकून, मऊ आवाजात. "मारा की. हात शिवशिवतोय ना?"

पानिमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बादलीची कडी मुठीत होती. पण प्योनबाबा दोघांच्या मधे आले, म्हणाले, "पानिम, घरी जा गं. मी झाडतो हे." म्हाताऱ्यानं खरंच झाडू घेतला. ती घरी गेली. रात्रभर दातांनी उशी तेवढी फाडायची राहिली.

*

चार दिवसांनी सकाळची मोठी ओहोटी होती. पानिमनं आदल्या दिवशीचा एक सोक वाटीत जिवंत ठेवला होता. तोच आजचा बांधायचा. धुरातून तिची जागा थोडी वाचली होती, वाऱ्याच्या आडोशाला होती म्हणून. तिनं दोरा बांधला, दुसरं टोक करंगळीला गुंडाळलं, वाटी कमरेच्या झोळीत ठेवली, फावडं खांद्यावर टाकलं, निघाली. मोरशीपर्यंत पोचली आणि बघते तर काय.

तिच्या जागेत कुणीतरी बसलं होतं.

पाठ बघूनच कळलं. फुलाफुलांची टोपी, गुलाबी बाह्या. मालजा. दुमानची धाकटी बहीण, पानिमची नणंद.

या दोघी बारा वर्षं बोलल्या नव्हत्या. सासू गेली तेव्हा तिच्या मागं एक रांजण राहिला. त्यात सोयाचं काळं पाणी, सासूच्या सासूपासूनचं. दरवर्षी नवं घालायचं आणि विरजणासारखं जुनं राखायचं. असा रांजण सुनेकडं जातो. पानिम मयताला आलेल्यांना वाढत होती, तेवढ्यात मालजानं तो नवऱ्याच्या टेम्पोत चढवला. विचारलं तर म्हणाली, "आई माझी होती, तुझी सासू होती." त्यानंतर रस्त्यात भेटल्या तर एक भिंतीकडं बघायची, दुसरी आभाळाकडं.

आणि आता ती पानिमच्या बिळांवर फावडं चालवत होती. खरवडत होती. वाटणाचं पाणी शिंपडत होती. वर गुणगुणत होती!

त्या क्षणी पानिमच्या डोळ्यांपुढं काय काय आलं म्हणता? रांजण आला. उलट्या चिंबोऱ्या आल्या. खुंटीला टांगलेलं ते हसू आलं. सगळं एकावर एक, आणि सगळ्यावर ही गुलाबी बाही. चिखलात माणूस पळत नाही, पाय उपसत जातो. पण पानिम त्या दिवशी पळाली.

"रांजण नेलास! आता जागा नेतेस? चोरटे!"

मालजा वळली. तिचं तोंडही काही कमी नव्हतं. "कुणाची जागा? माझ्या बापाची जागा! तू लग्न करून आलीस तेव्हा तुला चिखलात चालता येत नव्हतं, ढुंगणावर पडायचीस! मी शिकवलं तुला!"

"ऊठ!"

"नाही उठत! काय करशील?"

पानिमनं फावडं दोन्ही हातांनी धरलं. उजवा हात वर जायला निघाला.

आणि करंगळीचा दोरा ताणला गेला. वाटीतला सोक उडून हवेत आला आणि तिच्या नाकासमोर लोंबकळायला लागला. कमरेला दोरा, नांग्या ताठ, हवेलाच मारतोय. त्याला वाटत होतं समोर कुणीतरी आहे.

पानिमची नजर त्याच्यावर गेली आणि त्याच्या पलीकडं गेली. पलीकडं बांध होता. बांधावर तीन माणसं. थेसोक, थेसोकचा मेहुणा आणि प्योनबाबा. प्योनबाबा आपले बांधाच्या दगडांत काहीतरी शोधत होते. पण बाकीचे दोघं ओणवे होते. हात गुडघ्यांवर, मान पुढं, हलत नव्हते, बोलत नव्हते. श्वास धरलेला.

अशीच चाळीस वर्षं पानिम स्वतः उभी राहिली होती. बिळाच्या काठाशी. मालकाच्या नांग्या दिसायची वाट बघत.

फावडं कमरेपर्यंत आलं होतं. तिथंच थांबलं. थांबवताना खांद्यात कळ गेली, अशी की पुढं महिनाभर तेल चोळत होती.

"काय झालं?" मालजा खेकसली. "हवा गेली?"

पानिमनं फावडं चिखलात खुपसलं. मालजाच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून, धपकन बसली. आणि दात न उघडता म्हणाली, "मान वर करू नकोस. तुला इथं कुणी पाठवलं?"

"मला कोण पाठवणार? मी काय कुणाची..."

"मालजे. कुणी?"

मालजानं फावड्यावरचा चिखल निपटला. म्हणाली, "थेसोक म्हणाला, आज तू पलीकडं डॉक्टरकडं जाणार आहेस. म्हणाला, जागा मूळची तुझ्या बापाची, एकदा बसून तर बघ. हक्क दिसला पाहिजे लोकांना."

"मी डॉक्टरकडं जाणार होते?"

"असं म्हणाला."

"बांधावर बघ. डोकं हलवू नकोस, डोळे नुसते. किती माणसं?"

मालजानं टोपीच्या कडेखालून बघितलं. "तीन."

"कायद्याला किती लागतात?"

मालजा काही अडाणी नव्हती. त्याच आईच्या हाताखाली शिकली होती. तिनं बांधाकडं बघितलं, मग वहिनीच्या करंगळीकडं, मग दोऱ्याकडं, मग चिखलात पडून अजूनही नांग्या परजणाऱ्या त्या सोकाकडं. तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग मानेपासून लाल चढत गेला.

"मला?" ती म्हणाली. "मला बांधून सोडलं? मला? मी त्याच्या आईच्या वयाची! त्याला लहानपणी गोवर झाला तेव्हा मी त्याचं... थांब, आज त्याचं टाळकंच..." आणि फावडं घेऊन उठायला लागली.

पानिमनं तिची गुलाबी बाही दोन्ही मुठींत धरली आणि खाली ओढली. मालजा चिखलात बसली ती कंबरेपर्यंत.

"बस! बस म्हणते ना! तू उगारलंस तर तुझा शिक्का जाईल!"

"जाऊ दे!"

"जाऊ दे कसं? तू दिलास का शिक्का त्या कागदावर?"

मालजानं टोपी पुढं ओढली.

"दिलास?"

"दिला. तिसऱ्यांचा चांगला वाफा देतो म्हणाला."

"बाई गं!" पानिमला परत चढला. हात आपोआप फावड्याकडं गेला, तो तिनं स्वतःच्या मांडीखाली दाबून धरला. "सासूबाई वर बघत असतील. पोटात अंडी असलेली चिंबोरी सोडून देणारी बाई होती ती. तिची पोरगी अशी निघाली."

"आईचं नाव घेऊ नकोस!"

"घेईन! शंभरदा घेईन! तूच रांजण नेलास, नाव तरी ठेव माझ्याकडं!"

"हळू बोल," मालजा म्हणाली. "तिकडं ऐकू जाईल." आणि दोघी एकदम गप्प झाल्या, कारण बारा वर्षांत पहिल्यांदाच दोघींना एकच गोष्ट लपवायची होती.

बांधावरून थेसोकची हाक आली. "काकी! ती तुमच्या जागेत बसली आहे! दिसत नाही का?"

पानिमनं मान वर केली. अशी गोड बोलली की मालजाला ठसका लागला. "दिसतंय की रे! नणंद आहे माझी! घरचीच आहे!"

मग हळू आवाजात, "तू ते वाटण फार पातळ केलंयस. असं कुणी करतं? आईनं हेच शिकवलं का?"

"आईनं असंच शिकवलं. तू घट्ट करतेस म्हणून तुझे सोक उशिरा येतात."

"माझे उशिरा येतात? बघ हं." पानिमनं दोऱ्याचा सोक एका बिळात सोडला, दोन बोटं काठाला लावली. मालजानं पलीकडच्या बिळाला लावली. एक आला. मग मालजाकडं एक. मग दोन. दोघी ओणव्या, टोप्या एकमेकींना लागलेल्या, खालच्या आवाजात भांडताहेत आणि बादली भरतेय. रांजणापासून सुरुवात झाली, मग दुमानच्या आजारपणात मालजा दोनदाच आली ते निघालं, मग पानिमनं लग्नात तिला शिळा तिळाचा लाडू दिला होता तेही निघालं. एकही गोष्ट मिटली नाही. पण एकही हात वर गेला नाही.

बांधावरची माणसं उन्हात उभी होती. तासभर झाला. वाऱ्यावर प्योनबाबांचा आवाज आला. बहिरा माणूस, हळू बोलताच येत नाही. "थेसोक, ती बांधाची भेग कुठाय रे? सकाळपासून दाखवतो दाखवतो म्हणतोयस. आणि त्या बायकांकडं काय बघतोस एवढा?"

थेसोक काय म्हणाला ते ऐकू आलं नाही.

"भेग नाही?" प्योनबाबा ओरडले. "मग मला कशाला आणलं? तिसरा म्हणून?"

म्हाताऱ्याला अंधुक दिसायचं, पण अक्कल शाबूत होती. त्यांनी काठी उचलली, थेसोकच्या पायाजवळ थुंकले, आणि गावाकडं चालू लागले. दोन राहिले. दोघांचं काही चालत नाही.

पाण्याची जीभ मोरशीपर्यंत आली तेव्हा दोघी उठल्या. बादली एक होती. दोघींनी दोन बाजूंनी कडी धरली, ती कुणी सोडायला तयार नव्हतं म्हणून. बांध चढताना थेसोक समोर आला. इस्त्रीचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. हसू त्या दिवशी कुठंतरी पडलं होतं.

"चांगलं जमलंय की तुमचं," तो म्हणाला.

"नाही जमलेलं," मालजा म्हणाली. "हिचं तोंड बघवत नाही मला. पण तुझं त्याहून बघवत नाही."

पानिमनं करंगळीचा दोरा सोडला. सोक अजून जिवंत होता. तिनं तो थेसोकच्या बुटावर ठेवला. "हा तुझा. घरी ने. उपयोगाचा आहे."

*

सभेच्या दिवशी मालजानं कागद मागितला. म्हणाली, माझा शिक्का तिरका पडलाय का बघते. कागद हातात आल्यावर तिनं लाल शाईत अंगठा बुडवला आणि आपल्या शिक्क्यावर असा फासला की शेजारच्या दोन घरांचे शिक्केही गेले. शिक्का दिल्यावर सभेच्या दिवसापर्यंत परत घेता येतो, असा मंडळाचा नियम आहे, आणि थेसोकनंच तो वाचून दाखवला होता कधीतरी. गेलेल्या त्या दोन घरांना परत शिक्का द्या म्हटलं, तर एकाचा घरी विसरला होता. दुसऱ्याचं म्हणणं, चिंबोऱ्या चपलेवर पडल्यापासून बायको बोलत नाही, आधी तिला विचारतो. प्योनबाबांनी आपला परत मागितला आणि कागद त्यांच्याच मांडीवर चहा सांडून भिजला. सांडला का सांडवला, देव जाणे.

त्या वर्षी पावडर आली नाही. कागद कपाटात गेला. थेसोक तो पुढच्या मे महिन्यात परत काढणार हे पानिमला ठाऊक होतं. तिनं आपला शिक्का दोऱ्यात ओवून गळ्यात घातला, झोपताना पण काढत नव्हती. धूर मारलेल्या पट्ट्यात पावसाळ्यापर्यंत चर्रचर्र परत आली नाही. ती रोज बांधावरून जाताना थांबायची, कान द्यायची, आणि शिवी देऊन पुढं जायची.

ऑगस्टच्या शेवटाला एका संध्याकाळी फाटक वाजलं. मालजा होती. हातात बाटली, बाटलीत काळं पाणी.

"चिंबोऱ्या मुरवायला," मालजा म्हणाली. "जुन्यातलं आहे. आईचं."

पानिमनं बाटली घेतली, बूच काढलं, वास घेतला. सासूच्या स्वयंपाकघराचा वास. बराच वेळ तिनं नाक बाजूला केलं नाही.

मग बूच लावलं. "बाटली? मला बाटली नको. रांजण हवा."

"ये मग न्यायला. बघते कशी नेतेस."

"येईन."

"ये की."

"उद्याच येते."

"उद्या नको, उद्या मोठी ओहोटी आहे," मालजा म्हणाली. "आणि वाटण पातळ कर." आणि फाटक आपटून गेली.